मधली चित्रं

बाबा, परवा आई फोनवर मिरजेच्या मावशीशी बोलत होती आणि मी तिच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. कुणाच्या तरी मुलाचा विषय होता. तो शिकलेल्या कामाच्या आशेनं परदेशी गेलाय आणि तिथे गोदामात खोकी उचलतोय. आई म्हणाली, "अगं, आमच्या ह्यांचीसुद्धा इथली पहिली वर्षं फुकटच गेली की." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पाऊस कमी झाला, आंबे नासले, असं सांगावं तसं ती सांगत होती. मी हातातलं पातेलं कोरडं झालं तरी पुसत राहिले. आईशी वाद घालावा असं वाटलं नाही, कारण तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं खरंच आहे. पण ती वर्षं आतून पाहिलेली अशी आपल्या घरात आता मी एकटीच उरलेय. म्हणून घरी आल्यावर तुम्हाला लिहायला बसले.

आपण न्यूझीलंडला, ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात उतरलो तेव्हा मी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावीत होते. आईचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन काही महिन्यांत झालं आणि ती हॉस्पिटलात लागली. तुमचं अडकलं. मिरजेत तुम्ही ॲनाटॉमी शिकवायचात. दोन हातांत दोन रंगीत खडू घेऊन फळ्यावर डावी आणि उजवी बाजू एकदमच काढायचात, आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची, असं तुमचे विद्यार्थी आपल्या घरी येऊन सांगायचे. इथे ते कुणाला ठाऊक नव्हतं. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेचा लेखी भाग तुम्ही सहज काढलात. पेशंट तपासायच्या भागात नापास झालात. परीक्षकानं सौम्यपणे सांगितलं होतं, "डॉक्टर, तुम्ही फार वर्षं जिवंत माणसाला हात लावलेला दिसत नाही." ते तुम्ही घरी येऊन आम्हाला सांगितलंत, हसलात, आणि मग बराच वेळ परसातल्या लिंबाच्या झाडाला पाणी घालत उभे राहिलात. त्यानंतर तुम्ही घर बघायला लागलात. आमटी शिकलात, माझे पोहायचे टॉग्ज दोरीवर वाळत घालायला लागलात, डेअरीतून दूध-ब्रेड आणायला लागलात. वाटेत ओळखीचं मराठी माणूस दिसलं की मात्र तुमची पावलं भराभर पडायची. "सध्या काय करता?" हा प्रश्न तुम्हाला नको असायचा.

ती चिठ्ठी आपण दोघांनी एकत्रच वाचली, भारतीय वाणसामानाच्या दुकानाच्या काचेवर. चित्रकला चांगली असणारी माणसं हवीत, काम शिकवू, एवढंच होतं. तुम्ही "हं" म्हणून पुढे निघालात. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर म्हणालात, "कोथिंबीर राहिली गं." कोथिंबीर पिशवीत वरच होती, मला दिसत होती. आपण परत गेलो, तुम्ही आणखी एक जुडी घेतलीत आणि बाहेर पडताना पत्ता पाठ केलात.

ती जागा स्टेशनजवळच्या गालिच्यांच्या दुकानाच्या वर होती. लांबट खोली, दोन्ही बाजूंनी टेबलं, प्रत्येक टेबलात बसवलेली काच आणि काचेखाली दिवा. टोकियोतल्या कुठल्याशा कंपनीचं टीव्हीवरचं कार्टून होतं आणि तिकडे न उरकणारं काम पेट्यांतून विमानानं इथे यायचं. न्यूझीलंडचा दिवस जपानच्या आधी उजाडतो, त्यामुळे तिकडची माणसं चहा घेईपर्यंत इथे निम्मं काम झालेलं असतं, अशी त्यामागची युक्ती. खोलीच्या प्रमुख एक जपानी बाई होत्या, तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या. बारीक चण, कापलेले केस, कानामागे लाल पेन्सिल. बाकी सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. तुम्ही घरी त्यांचा उल्लेख "आमच्या बाई" असाच करायला लागलात, शाळेतल्या बाईंचा करतात तसा, आणि मग मीही.

पहिल्या दिवसाची परीक्षा तुम्ही जेवताना सांगितलीत. बाईंनी दोन चित्रं समोर ठेवली. एकात मुलगी डावीकडे बघतेय, दुसऱ्यात उजवीकडे. त्या म्हणाल्या, मधलं काढा. तुम्हाला वाटलं, यात काय आहे! मानेच्या पहिल्या दोन मणक्यांवर आयुष्य घालवलेला माणूस मी. तुम्ही मधलं चित्र काढलंत, नाक बरोबर मध्ये, कान बरोबर तिथे. बाईंनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, बोटांच्या फटींत धरून फडफडवले आणि मान हलवली. "डोकं फिरलं," त्या म्हणाल्या, "पण हिनं कुणाकडे बघितलं नाही." मग तुमच्याच कागदावर लाल पेन्सिलीनं हनुवटी जरा खाली घेतली आणि डोळे मिटले. पुन्हा फडफडवलं. "आणि काय सांगू," तुम्ही आईला म्हणालात, हातातला घास तसाच, "ती पोरगी वळली गं! पापणी मिटून, जरा खाली झुकून, वळून माझ्याकडे बघायला लागली." आई ड्यूटीवरून दमून आलेली. ती म्हणाली, "मग? ठेवलं का कामावर?" ठेवलं होतं.

माणसं हलणारी चित्रं बघतात तेव्हा त्यांना वाटतं की कुणीतरी एकानं बसून ती सगळी काढली. तुमच्यामुळे मला कळलं की तसं नसतं. मुख्य चित्रं तिकडचे अनुभवी लोक काढायचे: हात वर उचलला, हात खाली आला. त्या दोन्हींच्या मधला हात तुमचा. कागदाला खाली भोकं, ती टेबलावरच्या पट्टीच्या खुंट्यांवर बसवायची म्हणजे कागद हलत नाही. खालून दिवा, त्यात मागचं-पुढचं दिसतं, आणि मधली रेघ आपण शोधायची. रेघेची जाडी सगळ्यांची एकच हवी. कुणी काढलं हे ओळखू आलं तर ते काम वाईट. दुकानामागून आगगाडी गेली की जमीन थरथरायची, तेव्हा अख्खी खोली पेन्सिली उचलून धरायची, आणि गाडी गेली की पुन्हा सगळ्या एकदम खाली टेकायच्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे मीही ब्रश उचलून धरायला लागले.

हो, कारण शनिवारी आणि सुटीत मी रंगखात्यात जायला लागले. आमची प्रमुख एक माओरी आंटी होती, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची. ती सगळ्यांचीच आंटी होती. तुमच्या रेघा सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, उतरून आमच्याकडे यायच्या, आणि आम्ही सेल पालथा घालून मागच्या बाजूनं रंग भरायचो, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. हातात पांढरे सुती मोजे, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. हिवाळ्यात ऑकलंडची ती ओल, रंग वाळायचाच नाही. आंटी हीटरपाशी फळ्या मांडून "ड्राय, यू लिटल बगर्स" असं सेलना रागवायची. माझं काही बिघडलं तर म्हणायची, "स्वीट ॲज, डिअर, पुसून टाक, पुन्हा कर." बाई असं कधी म्हणायच्या नाहीत.

बाई नुसतं "पुन्हा" म्हणायच्या. तुमचा सुरुवातीचा एक अख्खा प्रसंग, वाऱ्यात उभ्या मुलाचा, त्यांनी परत केला होता. तुम्ही वाद घातलात. तुम्हाला मुळात तो प्रकारच पटत नव्हता. "हा मुलगा इतकं मोठं वाक्य बोलतोय," तुम्ही म्हणालात, "आणि ह्याची छाती हलत नाही, मान हलत नाही, नुसती तीन तोंडं आलटून पालटून लावायची! हा श्वास कुठून घेतो?" बाईंनी शांतपणे विचारलं, "पेटी कधी जाते?" तुम्ही म्हणालात, "मंगळवारी." त्या म्हणाल्या, "म्हणून तो श्वास घेत नाही. केस हलवा." खोलीत हशा पिकला. तुम्ही खाली बसलात आणि नुसते केस हलवलेत, पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी बाईंनी कागद फडफडवून पाहिले आणि पुढच्या गठ्ठ्यात ठेवले. त्या संध्याकाळी घरी जाताना तुम्ही मला सांगत होतात, की छाती स्थिर होती तरी तो मुलगा जिवंत वाटला, कारण वारा खरा होता. आईला तुम्ही सांगितलंत, "आज बाईंनी तीनदा करायला लावलं." तुमचा चेहरा असा, की जणू बक्षीस मिळालंय. आई म्हणाली, "मिरजेत तुमच्यासमोर पोरं थरथर कापायची, अहो."

आणि मग ती चालण्याची शिकवणी. नवीन माणसं आली होती, त्यांना चालणं जमत नव्हतं. बाईंनी सगळ्यांना उठवलं आणि टेबलांच्या मधल्या वाटेनं एकेकाला चालायला लावलं. उजवा पाय पुढे, तर डावा हात पुढे. पाय एकमेकांजवळून जाताना डोकं सगळ्यात वर. टाच टेकताना सगळ्यात खाली. तुम्ही न राहवून म्हणालात, "आणि कंबर. कंबर विसरलात." बाईंनी भुवया उंचावल्या. तुम्ही पुढे गेलात, आपल्याच कमरेवर दोन्ही अंगठे टेकवलेत आणि चालून दाखवलंत, की कमरेचं हाड प्रत्येक पावलाला कसं तिरकं होतं आणि खांदे त्याच्या उलटे कसे जातात. बाई तुमच्या मागून चालत गेल्या, तुमच्या कमरेकडे बघत. मग त्यांनी खाटीक मटण गुंडाळायला वापरतात तसला पांढरा कागद भिंतीवर लावून घेतला आणि म्हणाल्या, "काढा. सगळ्यांना सांगा." त्यानंतर कितीतरी शनिवारी जेवणाच्या सुटीत तुम्ही हाडं शिकवलीत. फळा नव्हता, दोन हातांत दोन पेन्सिली होत्या. मी सँडविच खात बघत होते. आंटी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "युअर डॅड इज अ रिअल टीचर, ए?" मी "येस" म्हटलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते इंग्रजीत सांगता आलं नसतं, आणि मराठीत सांगायला तिथे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.

तुमच्या लक्षात ते केव्हा आलं, हे मला नक्की माहीत नाही. मला तुम्ही सुटीतल्या एका संध्याकाळी घराकडे चालताना विचारलंत, "बाईंचा उजवा हात बघितलास का तू?" मी म्हटलं, "का? काय झालं?" तुम्ही म्हणालात, "चालताना हलत नाही." दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. खरंच, डावा हात झोके घेत होता आणि उजवा कोपरात जरा दुमडून अंगाशी धरलेला, कुणीतरी त्याच्यात पिशवी दिल्यासारखा. पावलं आखूड झाली होती. त्या पूर्वी कागद फडफडवायच्या तेव्हा पाखरू उडाल्यासारखा आवाज यायचा, आता मध्येच कागद अडकायचे आणि त्या चिडून डाव्या हातानं सोडवायच्या. सगळ्यांना वाटत होतं, इतकी वर्षं पेन्सिल धरून मनगट दुखत असणार. सगळ्यांचीच मनगटं दुखायची. त्यांनी स्वतःही तेच गृहीत धरलं होतं. त्या अठराव्या वर्षापासून ह्या कामात होत्या. टोकियोत टेबलाखाली झोपून त्यांनी उमेदवारी केली होती. हात दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी काम चालू असणं.

तुम्ही आईला सांगितलंत. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. नर्स होती ती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "पार्किन्सन्स?" तिनं विचारलं.

"तसंच दिसतंय."

"तिला सांगणार आहात?"

"सांगायला नको?"

"अहो, तुम्ही इथे डॉक्टर नाही," आई म्हणाली. आवाज चढवून नाही, उलट फार हळू. "रजिस्ट्रेशन नसताना कुणाचं निदान करत बसलात आणि कुणी तक्रार केली, तर पुढची परीक्षासुद्धा देऊ देणार नाहीत. आणि चुकलात तर? तिच्या हातावर तिचं पोट आहे. उद्या टोकियोला कळलं तर?"

"आणि नाही चुकलो तर?"

आई पुन्हा पोळी लाटायला लागली. ती पोळी वेडीवाकडी झाली आणि तिनं ती तशीच तव्यावर टाकली.

मग एका शनिवारी, जेवणाच्या सुटीत, खोली रिकामी असताना, तुम्ही बाईंच्या टेबलावर कागदांचा एक छोटा गठ्ठा ठेवलात. मी रंगाच्या डब्यांची झाकणं लावत होते, तुम्हा दोघांना दिसेन अशीच उभी होते. बाईंना वाटलं, काम दाखवताय. त्यांनी गठ्ठा खुंट्यांवर बसवला आणि डाव्या हातानं फडफडवला. ते एका बारीक चणीच्या बाईचं चालणं होतं. कापलेले केस, कानामागे पेन्सिल. त्यांनी पुन्हा फडफडवलं. "उजवा हात राहिलाय," त्या म्हणाल्या. "मधली चित्रं काढली नाहीत."

"काढली आहेत," तुम्ही म्हणालात. "जे दिसलं ते काढलं."

त्या कागदांकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि टेबलांच्या मधल्या वाटेनं दाराच्या काचेपर्यंत चालत गेल्या, काचेत स्वतःकडे बघत, आणि परत आल्या. तुम्ही तुमच्या त्या अडखळत्या, नम्र इंग्रजीत म्हणालात, "मी इथे डॉक्टर नाही. पण तुम्ही खऱ्या डॉक्टरकडे जा. प्लीज. लवकर." त्यांचा चेहरा काही हलला नाही. तेव्हा मला तो राग वाटला. आता कळतं की चेहरा न हलणं हाही त्या आजाराचाच भाग होता. "तुमचं काम मधली चित्रं काढायचं," त्या म्हणाल्या. "तेवढं करा." आणि त्यांनी तो गठ्ठा खुंट्यांवरून काढून तुमच्या हातात दिला.

घरी जाताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आईला आज नको सांगूस." मी सांगितलं नाही. नंतर बरेच दिवस बाई तुमच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. तुमचे कागद आंटीच्या हाती परत यायचे, लाल खुणा करून. त्या खुणा लहान लहान होत चालल्या होत्या. तुम्हाला वाटत होतं की आता काम जाणार. काम गेलं तर आईला काय सांगायचं, हे तुम्ही चालताना मनात घोळवत असायचात, तुमचे ओठ हलायचे. तशातच तुम्ही परीक्षेचा अर्जही भरलात, बहुधा दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.

आणि एक दिवस त्या सकाळी उशिरा आल्या. कोट काढला, सरळ तुमच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं." तुम्ही उठून उभे राहिलात. त्या म्हणाल्या, "बसा. तुमची खुर्ची माझ्या टेबलाकडे आणा." बस्स. ना आभार, ना रडणं. तुम्ही खुर्ची उचललीत आणि त्यांच्या शेजारी ठेवलीत.

तेव्हापासून इतरांची मधली चित्रं तपासायचं काम तुम्ही दोघं मिळून करायला लागलात. त्या बघायच्या, सांगायच्या, तुम्ही काढायचात. "इथे कोपर उशिरा." "इथे डोळे आधी, डोकं मागून." गोळ्यांचा परिणाम चांगला असेल त्या वेळात त्या स्वतः काढायच्या, आणि काय काढायच्या! तुम्ही पेन्सिल ठेवून नुसते बघायचात. परिणाम उतरला की पेन्सिल तुमच्याकडे यायची. टोकियोला त्यातलं काही कळलं नाही. रेघ एकाच जाडीची जात राहिली.

परीक्षा तुम्ही त्या वर्षी पास झालात. पेशंट तपासायच्या भागात चांगले गुण मिळाले. ऑकलंडपासून लांबच्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलनं बोलावलं, सर्वांत खालच्या पायरीवरची जागा, पण डॉक्टरची. आईनं त्या दिवशी शिरा केला. मावशीला फोन केला. आणि तुम्ही शिरा खाता खाता म्हणालात, "मी हॉस्पिटलातल्या मॅडमना विचारलंय, पुढच्या तुकडीबरोबर आलो तर चालेल का. त्या हो म्हणाल्या. मालिका संपायला आलीय. शेवटच्या पेट्या जाऊ देत."

आईनं चमचा खाली ठेवला. "कार्टूनसाठी?"

"बाईंसाठी."

"आणि मी?" आई म्हणाली. "इतकी वर्षं मी काय केलं, ते दिसलं का तुम्हाला? लोक विचारतात तेव्हा मी काय सांगते, ते कधी विचारलंत?" ती बरोबर होती, बाबा. तुम्हालाही ते माहीत होतं, म्हणून तुम्ही वाद घातला नाहीत, आणि बेतही बदलला नाहीत. त्यानंतर घरात आई माझ्यामार्फत तुमच्याशी बोलायला लागली. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." टेबल केवढं ते, तुम्ही समोरच बसलेले.

मग एका सुटीच्या दिवशी आई स्वतःच तिथे आली. मला वाटतं, भांडायला आली होती. चांगली साडी, वर कार्डिगन, तोंड घट्ट मिटलेलं. जिना चढून दारात उभी राहिली तेव्हा तुम्ही पेटी बांधायला आतल्या खोलीत होतात आणि बाई एकट्याच टेबलाशी बसून गोळ्यांच्या पाकिटाशी झगडत होत्या. पाकिटाचा चंदेरी कागद फाटत नव्हता. आई क्षणभर बघत राहिली. मग जवळ गेली, पाकीट हातातून घेतलं, गोळी काढून दिली आणि पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी गोळी घेतली. आईनं विचारलं, "जेवणाबरोबर घेता?" त्या हो म्हणाल्या. "जेवणाआधी घ्या, अर्धा तास. मासे, अंडी पोटात असली की ही नीट चढत नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्यांना समजलं नव्हतं. आईनं खुर्ची ओढली आणि दिवसभराच्या गोळ्या कधी कशा घ्यायच्या ते बोटांवर मोजून समजावलं. तुम्ही बाहेर आलात तर आई बाईंच्या कोटाची बटणं लावून देत होती. तिनं तुमच्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांनी थेट तुम्हाला म्हणाली, "हिला दुपारी नुसता भात-भाजीचा डबा द्यायचा. उद्यापासून मी देते." तिनं शेवटच्या पेटीपर्यंत डबा दिला. परवा फोनवर 'फुकट गेली' म्हणणारी हीच ती. मी म्हणूनच तिच्याशी वाद घातला नाही.

शेवटची पेटी गेली त्या दिवशी आंटीनं केक आणला होता. बाईंनी तुम्हाला त्यांच्या खुर्चीवरची उशी दिली, निळी, बसून बसून पापडासारखी झालेली, टोकियोहून त्यांच्याबरोबर आलेली. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसुद्धा बसतात ना?" तुम्ही दोन्ही हातांनी ती घेतलीत आणि वाकलात, त्यांच्यासारखं नाही, आपण वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो तसं. त्या गडबडून मागे सरकल्या आणि मग हसल्या. तो आजार असूनही त्यांचं हसू चेहऱ्यावर आलं.

त्या जपानला बहिणीकडे गेल्या, समुद्राकाठच्या गावी. नव्या वर्षाचं कार्ड यायचं, आधी त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात, मग बहिणीच्या अक्षरात, मग यायचं थांबलं. ती खोलीही फार टिकली नाही. रंग कॉम्प्युटरवर भरले जायला लागले, सेल आणि ब्रश गेले, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी जिम काढली. तुम्ही पामर्स्टन नॉर्थला सायकलवरून हॉस्पिटलात जायला लागलात, तुमच्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांच्या हाताखाली, आणि कधी कुरकूर केली नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात रमलात. तिथल्या नर्सेस सांगायच्या की डॉक्टर पेशंटला आधी कॉरिडॉरमध्ये चालायला लावतात आणि मग फाईल वाचतात. जपानी कार्टूनचं नाव मात्र तुम्ही कुणापाशी काढलं नाहीत. लपवलं असं नाही. विचारलंच नाही कुणी.

तुमच्या अंत्यविधीला हॉल भरला होता. हॉस्पिटलच्या लोकांनी चांगली भाषणं केली. मग मागून आंटी उठली. ती ऑकलंडहून बसनं आली होती, मला ठाऊकच नव्हतं. माईकपाशी येऊन माओरीत नमस्काराचं "किया ओरा" म्हणाली आणि सांगायला लागली, की ह्या माणसाची रेघ कधी मध्ये तुटली नाही, त्यामुळे ह्यांच्या चित्रांत रंग भरताना आम्हाला कधी त्रास झाला नाही, आणि एवढा सभ्य इनबिटवीनर, मधली चित्रं काढणारा, मी पाहिला नाही. डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं, बिचारी चुकून दुसऱ्याच्या अंत्यविधीला आलीय. आईनं उठून तिला मिठी मारली.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, हे तुम्हालाही कळतं. आईला दाखवायचाही विचार नाही. तिला त्या वर्षांबद्दल काय वाटावं हे मी ठरवायचं नाही. एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना जरा लाज वाटतेय. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. ती मालिका तिला इंटरनेटवर सापडली, इंग्रजी आवाज दिलेली, शेवटी येणारी कलाकारांची नावं कापून टाकलेली. आम्ही दोघी आमच्या जॉन्सनव्हिलच्या घरात सोफ्यावर बसून बघत होतो. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. तिनं चित्र थांबवलं आणि विचारलं, "विच वन्स आर आजोबाज?" बाबा, मी खूप निरखून पाहिलं. काही ओळखू येईना. येणारच नाही, तुम्ही तसंच तर काम केलं होतं. पडद्यावर एक मुलगी होती, डावीकडून उजवीकडे वळता वळता थांबलेली, हनुवटी खाली, डोळे मिटलेले. मी म्हटलं, "हे." ते तुमचं आहे की नाही, मला माहीत नाही.